इंग्रजीत प्रश्न विचारताना



विषय दिसायला लहान आहे. इंग्रजीत प्रश्न कसा विचारावा, एवढाच. वार्षिक समारंभात यापेक्षा भारदस्त विषय शोभला असता, असे काहींना वाटेल. पण जरा विचार करा. आपल्या शाळांत प्रश्न कोण विचारतो? गुरुजी विचारतात. परीक्षेत प्रश्न कोण विचारतो? छापील कागद विचारतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते फक्त उत्तर. २००० सालापासून महाराष्ट्रात इतर माध्यमांच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकते, आणि त्या दहा वर्षांत स्वतःच्या गरजेपोटी एखादा प्रश्न इंग्रजीत विचारण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. पुढे मलकापूरला गाडीत बसून ते पुण्याला किंवा मुंबईला जाते, आणि तिथे पहिल्या दिवसापासून त्याला प्रश्नच विचारावे लागतात. वसतिगृहात, कार्यालयात, बँकेच्या खिडकीपाशी. मुलाखतीच्या शेवटी साहेब म्हणतात, 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स फॉर अस?' आपला हुशार मुलगा म्हणतो, 'नो सर.' प्रश्न त्याच्या मनात असतो. पगार कधीपासून, काम कोणत्या गावी, राहण्याची सोय आहे की नाही, सगळे विचारायचे असते. पण प्रश्नाचा साचा तयार नसतो आणि बेअदबी होईल ही धास्ती असते. म्हणून तो गप्प बसतो.

प्रथम साच्याकडे पाहू. आपल्या घरांत उर्दू, बाजारात मराठी किंवा वऱ्हाडी. या बोलींत प्रश्न करणे किती सोपे! 'तू उद्या येणार आहेस' या वाक्याला शेवटी 'का' लावला की झाला प्रश्न. उर्दूत 'आप कल आएँगे' याच्या आधी 'क्या' ठेवला की झाले. वऱ्हाडीत 'येतं काय रे?' म्हटले की काम भागते. वाक्यातील बाकीचे शब्द आपापल्या जागी बसून राहतात. इंग्रजीत मात्र साहाय्यक क्रियापदाला उठून कर्त्याच्या पुढे यावे लागते, आणि तसे क्रियापद वाक्यात नसेल तर 'डू', 'डझ' किंवा 'डिड' यांना बाहेरून बोलवावे लागते. आपल्या मुलाला ही हालचाल ठाऊक नसते. तो 'क्या' किंवा 'काय' याचे भाषांतर करतो आणि विचारतो, 'व्हॉट यू आर कमिंग?' उर्दूचा 'क्या' आणि वऱ्हाडीचा 'काय' दोघेही दोन कामे करतात, कधी वस्तू विचारतात, कधी नुसते प्रश्नचिन्ह होतात. इंग्रजी 'व्हॉट' फक्त पहिले काम करतो. म्हणून उर्दू शाळेतला मुलगा आणि शेजारच्या मराठी शाळेतला मुलगा एकाच पायरीवर अडखळतात.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे सांगितले. आता समजा, सरोवर पाहायला आलेल्या एखाद्या परदेशी अभ्यासकाला तुम्हांला याचे कारण विचारायचे आहे. आपला विद्यार्थी म्हणेल, 'व्हाय द वॉटर टर्न्ड पिंक?' अर्थ कळेल, पण कान अडेल. 'व्हाय डिड द वॉटर टर्न पिंक?' असे हवे. 'डिड' आला, भूतकाळ त्याने उचलला, म्हणून 'टर्न्ड'चा 'टर्न' झाला.

पण खरी गंमत पुढे आहे. हाच प्रश्न अदबीने विचारायचा असेल तर आपण म्हणतो, 'कुड यू टेल मी व्हाय द वॉटर टर्न्ड पिंक?' इथे 'डिड' पुन्हा नाहीसा झाला आणि मघाशी चुकीची म्हणून बाजूला काढलेली रचना बरोबर ठरली! कारण एका वाक्यात उलटापालट एकदाच होते. ती 'कुड यू' मध्ये होऊन गेली, पुढचा भाग साध्या विधानासारखा चालतो. शिकलेसवरलेले लोकही इथे चुकतात. 'प्लीज टेल मी व्हेन इज द एक्झामिनेशन' असे अर्ज कितीतरी कार्यालयांत पडलेले असतील. 'व्हेन द एक्झामिनेशन इज' असे लिहावे. एवढी एक गोष्ट आज येथून घरी नेलीत तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अदब. आपल्याकडे आदर कुठे राहतो? सर्वनामात आणि क्रियापदात. तू, तुम, आप. तू, तुम्ही, आपण. अम्मीला एक, धाकट्या भावाला दुसरे, मौलवीसाहेबांना तिसरे, हे मुलाला तीन-चार वर्षांचे असतानाच कळते. इंग्रजीतही पूर्वी असा भेद होता. 'दाऊ' हा एकेरी, आणि 'यू' हा मुळात अनेकवचनी, पुढे आदरार्थी झालेला शब्द. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि १६११ च्या बायबलच्या भाषांतरात 'दाऊ' जागोजागी भेटतो. नंतर तो प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून निघून गेला आणि 'यू' एकटा उरला. आपले लोक म्हणतात, इंग्रजीत बापालाही 'यू' आणि नोकरालाही 'यू', त्या भाषेत अदब नाही. मला हे मान्य नाही. अदब आहे, तिने फक्त घर बदलले. सर्वनामातून निघून ती प्रश्नाच्या बांधणीत राहायला गेली.

बँकेत फॉर्म हवा आहे. 'गिव्ह मी अ फॉर्म' हा हुकूम झाला, त्यात 'तू' ऐकू येतो. 'कॅन आय हॅव अ फॉर्म?' यात 'तुम' आले. 'कुड आय हॅव अ फॉर्म, प्लीज?' यात 'आप' आले. आपला मुलगा घरी 'आप'शिवाय बोलत नाही, आणि खिडकीपाशी इंग्रजीत 'गिव्ह मी फॉर्म' म्हणतो. त्याच्या मनात तसूभरही उद्धटपणा नसतो, पण ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. संस्कार चांगले असून मुलाची किंमत कमी होते, याचे मला वाईट वाटते.

'कॅन'चा 'कुड' झाला म्हणजे भूतकाळाचे रूप वापरून अदब आणली. हे परके वाटू देऊ नका. आपणही मोठ्या माणसाकडे गेल्यावर 'मला एक विचारायचं आहे' न म्हणता 'जरा एक विचारायचं होतं' म्हणतो. उर्दूत म्हणतो, 'एक बात पूछनी थी.' गरज आत्ताची, पण बोलताना एक पाऊल मागे सरकून उभे राहतो. इंग्रजही तेच करतो, म्हणतो, 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग.'

टेलिफोनवर अनोळखी आवाज आला की आपण 'कौन साहब बोल रहे हैं?' असे विचारतो. इंग्रजीत त्याचे 'हू आर यू?' होते, आणि तिकडच्या माणसाला वाटते की पोलीस चौकीत फोन लागला. 'मे आय नो हू इज कॉलिंग?' म्हणावे. ऐकू आले नाही तर 'व्हॉट?' म्हणू नये, 'सॉरी?' किंवा 'पार्डन?' म्हणावे. आणि 'व्हॉट इज युवर गुड नेम?' या प्रश्नाला इंग्रजीचे प्राध्यापक हसतात. हसोत बापडे. त्यात आपला 'इस्मे शरीफ' आणि 'शुभनाम' इंग्रजी कपडे घालून आले आहेत. हिंदुस्थानात कुठेही तो चालतो, मी त्याला चूक म्हणणार नाही. बाहेरचा माणूस मात्र क्षणभर थांबेल, त्याला माझे वाईट नाव कोणते म्हणून. त्याच्यासाठी 'मे आय हॅव युवर नेम, प्लीज?' पुरे.

याची दुसरी बाजूही आहे. शाळेत अर्जाचे इंग्रजी शिकलेला मुलगा मित्रालाही लिहितो, 'काइंडली इन्फॉर्म मी व्हेदर यू विल बी कमिंग.' मित्र घाबरतो. आपणही जिवलग मित्राला एकदम 'आपण कधी येणार?' म्हटले तर तो समजतो की काहीतरी बिनसले आहे. सलगीचे इंग्रजी उलट शब्द गाळते. 'आर यू कमिंग?' ऐवजी नुसते 'कमिंग?' 'हॅव यू हॅड युवर टी?' ऐवजी 'हॅड युवर टी?' साहाय्यक क्रियापद आणि कर्ता दोघे रजेवर जातात, चढता सूर त्यांचे काम करतो. 'हाऊ कम यू आर लेट?' या घरगुती प्रश्नात तर उलटापालट होतच नाही, हे अनेक पुस्तके सांगत नाहीत. 'हू' की 'हूम' या वादात मी शिरत नाही. बोलताना 'हू डिड यू मीट?' सर्रास चालते, औपचारिक पत्रात 'हूम' लिहावे, विषय संपला.

'यू आर कमिंग, नो?' हा आपला लाडका प्रश्न. 'येणार ना?', 'आओगे ना?' यातला 'ना' सगळीकडे एकच असतो, म्हणून आपण इंग्रजीतही 'नो' किंवा 'इजन्ट इट' सगळीकडे चिकटवतो. मित्रांत खुशाल म्हणा. मुलाखतीत 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'ही वर्क्स हिअर, डझन्ट ही?' असे प्रत्येक वाक्याचे शेपूट त्या त्या वाक्याप्रमाणे बदलले पाहिजे.

एक प्रश्न मात्र केवळ शोभेचा नाही, तिथे जिवाशी गाठ आहे. परप्रांतातून आलेले डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाला विचारतात, 'हॅवन्ट यू टेकन द मेडिसिन?' रुग्णाने औषध घेतलेले नसते. आपल्या रीतीने तो म्हणतो, 'हो, नाही घेतले', 'जी हाँ, नहीं ली', आणि इंग्रजीत तेवढेच 'येस' बोलून थांबतो. इंग्रजीत 'येस'चा अर्थ 'घेतले' असाच होतो. विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी आपण सहमत आहोत की नाही हे आपला 'हो' सांगतो, तर इंग्रजीतला 'येस' गोष्ट घडली की नाही हे सांगतो. म्हणून नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नये. 'नो, आय हॅवन्ट' असे पुरते बोलावे. आणि पालकहो, रुग्णासोबत गेलेल्या मुलाला हे सांगून ठेवा.

काही प्रश्न इंग्रजीत जसेच्या तसे जात नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले, आणि मराठी वाक्याला इंग्रजी वाक्य सापडतेच असा आपला समज झाला. मग 'तू भावंडांत कितवा?' याचे भाषांतर करून पाहा. 'कितवा' या एका शब्दाला रोजच्या इंग्रजीत शब्दच नाही. 'व्हेअर डू यू कम अमंग युवर ब्रदर्स अँड सिस्टर्स?' अशी वाट काढावी लागते. इथे मराठी श्रीमंत आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

शिक्षक बंधूंना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास गुरुजींनी प्रश्न विचारू नयेत. वर्गाने विचारावेत, गुरुजींनी उत्तरे द्यावीत. एकच गोष्ट तिघांना विचारायला लावावी, बाकावरच्या मित्राला, मुख्याध्यापकांना आणि अनोळखी अधिकाऱ्याला. आधी घरच्या बोलीत, मग इंग्रजीत. ज्या मातांना इंग्रजी येत नाही त्यांनाही घरी हे करता येईल. त्यांनी एवढेच विचारावे, 'बेटा, तू हे कोणाला विचारतो आहेस?' मूल म्हणाले, दोस्ताला, तर 'व्हेन्स द रिझल्ट?' चालेल. म्हणाले, मोठ्या साहेबांना, तर त्याने 'मे आय आस्क व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड?' असे म्हणून दाखवावे. 'विल द रिझल्ट बी' म्हणाले, तर लोणारच्या पाण्याची आठवण करून द्यावी.