निशिगंधाची बेटे वेळीच फोडा
(बिबवेवाडी, पुणे येथे फूल उत्पादकांपुढे केलेले भाषण)



बिबवेवाडी हे एकेकाळी शेतीचे गाव. आज येथे शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. परंतु शेजारीच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. यवत, उरुळी कांचन, सासवड या भागांतून आपण फुले घेऊन तेथेच येता. त्या बाजारात ज्याला आपण गुलछडी म्हणतो, त्या निशिगंधाविषयी आज बोलावयाचे आहे.

आपली एक तक्रार नेहमी कानावर येते. "पहिली दोन वर्षे गुलछडी चांगली चालली. आता पाला उदंड आहे, पण दांडे बारीक आणि कळी लहान. कोणते खत घालू?" यावर माझे उत्तर असे की, आता खत नको, कुदळ घाला.

याचे कारण समजून घ्या. निशिगंधाचा जो कंद एकदा फुलला, तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेने नवे कंद धरतात आणि ते पोसले की त्यांना दांडा येतो. आपण एक कंद लावतो, पण तिसऱ्या वर्षी तेथे लहानमोठ्या कंदांचे दाट बेट झालेले असते. जागा तेवढीच, खाणारी तोंडे मात्र अनेक. अशा बेटात वरून नत्र टाकले तर पालाच वाढतो. शिवाय दाटीत खुरपे चालत नाही, लव्हाळा माजतो आणि मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी वाढते. म्हणून एका लागवडीपासून तीन वर्षेच पीक घ्यावे. चौथे वर्ष लोभाचे असते.

बेटे फोडण्याची वेळ हिवाळ्यानंतरची. थंडीत वाढ थांबते, पाने पिवळी पडतात. मग पाणी तोडावे आणि जमीन वाळली की कुदळीने बेटे अलगद उचलावीत. कंदाला जखम होऊ देऊ नये; जखमेतून कूज शिरते. माती झाडून, सुकलेला पाला कापून कंद हाताने वेगळे करावेत. फुलून गेलेले, पोचट, कुजलेले आणि मुळांवर गाठी असलेले कंद बांधावर न टाकता नष्ट करावेत. लव्हाळ्याच्या गाठीही याच वेळी वेचून काढाव्यात, नाहीतर त्या बेण्याबरोबर नव्या शेतात जातात.

उरलेल्या कंदांची प्रतवारी करावी. दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे निरोगी कंद मुख्य लागवडीसाठी ठेवावेत. त्याहून लहान कंद टाकून देऊ नका. वेगळ्या वाफ्यात दाट लावून वर्षभर पोसा. पुढच्या वर्षीचे बेणे घरचेच होईल. काढलेले कंद लगेच लावू नयेत. हवेशीर सावलीत पातळ पसरून, अधूनमधून हलवून, चार ते सहा आठवडे त्यांना विश्रांती द्यावी.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत करावी. लावण्यापूर्वी शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात कंद बुडवून घ्यावेत. जमिनीत चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. ३० × ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास गुंठ्याला सुमारे १,१०० कंद लागतात. कंद पाच ते सात सेंटिमीटर खोल लावावा. पुन्हा त्याच प्लॉटमध्ये मात्र लावू नये. तेथे आधी झेंडू घ्यावा. झेंडूने सूत्रकृमी कमी होते आणि फुलांचे पैसेही मिळतात. नवे बेणे घ्यावयाचे असल्यास आपल्या विद्यापीठाची 'फुले रजनी' किंवा बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'शृंगार' या एकेरी जाती सुट्या फुलांसाठी चांगल्या आहेत. 'शृंगार' मुळांवरील गाठींच्या सूत्रकृमीस सहनशीलही आहे.

आता आपल्या मनातला प्रश्न. "सगळा प्लॉट मोडला तर गणपती-दसऱ्याला बाजारात काय नेऊ? मजुरी कोठून देऊ?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी आठवड्याचा खर्च फुलांवर चालतो, त्याला एकदम मोडणी परवडत नाही. म्हणून क्षेत्राचे तीन भाग करा. दरवर्षी एकच भाग मोडा आणि एक भाग नव्या जागी लावा. मग एक भाग पहिल्या वर्षाचा, एक दुसऱ्याचा व एक तिसऱ्याचा असे चक्र बसते. फुले बंद पडत नाहीत, मजुरी विभागली जाते आणि बेणे विकत घ्यावे लागत नाही. लावणीचे वर्ष खांबावर किंवा वहीत लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका.

आणखी एक विनंती. जास्तीचे कंद आपण शेजाऱ्याला विकतो. ते विकताना सूत्रकृमी लागलेल्या प्लॉटमधले बेणे देऊ नका. असे बेणे दुसऱ्याचे रान बिघडवते आणि तो रोग पुन्हा आपल्याच बांधावर येतो.

बंगल्यांच्या परसात लिली लावणाऱ्या भगिनींनाही हेच सांगणे. कुंडी कंदांनी भरली आणि फूल येईनासे झाले की खत वाढवू नका. बेट उपसा, चांगले कंद निवडून लावा, उरलेले शेजारी वाटा.

या उन्हाळ्यात आपल्या सर्वांत जुन्या प्लॉटमधले एकच बेट उपसून त्यातले कंद मोजा. पुढचा निर्णय आपला आपणच कराल.