धक्का सोसणारी चकती



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्त येतो, इतिहास येतो, काव्य येते. आज त्यावर तेलाने माखलेला एक विषय येत आहे. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने महागाई, बोनस, कपात यांवरच बोलावे अशी रीत आहे. चालकमंडळींनी आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही तिचा फायदा घेतला. एका छोट्या शर्यती बाजाच्या मोटारीच्या इंजिनात एक चकती असते. ती झिजली हे कसे ओळखावे आणि ती कशी बदलावी, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. दोष आधी मोजावा आणि मग बोलावे, हे शिक्षण आम्हाला गॅरेजात मिळाले. पुढे वाटाघाटींच्या टेबलाशी बसताना तेच उपयोगी पडले. तेव्हा हा विषय आमच्या कामापासून फार लांबचा आहे असे समजू नये.

मोटारीचे नाव ट्रायम्फ स्पिटफायर. इंग्लंडातील कोव्हेंट्री शहरी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. दोन माणसांची बैठक, मागे दुमडता येणारे कापडी छत आणि जमिनीलगत बसलेले अंग, असा तिचा थाट. बाह्यरूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन आखणीकाराचे, आणि नाव दुसऱ्या महायुद्धातल्या गाजलेल्या लढाऊ विमानाचे. अशा तीन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ आजही हौशी मालकांनी जपून ठेवल्या आहेत.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना स्टँडर्ड हेरल्ड ही गाडी आठवत असेल. मद्रासच्या कारखान्यातून ती १९६१ पासून बाहेर पडू लागली. स्पिटफायर ही त्याच हेरल्डच्या घराण्यातली. तिचा सांगाडा हेरल्डचाच, आखूड केलेला. इंजिनही त्याच कुळातले. आम्ही उमेदवारी करीत होतो तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या हेरल्ड गाड्या गॅरेजात येत. त्यामुळे इंग्लंडातल्या या देखण्या बहिणीचे पोट आतून कसे आहे, हे आम्हाला तिचे तोंड पाहण्याआधीच ठाऊक होते.

आता त्या पोटात शिरू. इंजिनात क्रँकशाफ्ट नावाचा एक वाकडातिकडा दांडा असतो. दट्ट्यांची खालीवर होणारी धाव तो गोल फिरण्यात बदलतो. या गाडीत तो तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो. फिरताना तो खाली पडणार नाही आणि उडणारही नाही, याची काळजी बेअरिंगे घेतात. परंतु त्याने पुढेमागे सरकू नये याची काळजी कोणी घ्यायची? बैलगाडीचे चाक आठवा. आसावर ते गोल फिरते, पण आसाच्या टोकावरून निसटू नये म्हणून तिथे खीळ घातलेली असते. खिळीला थोडी ढिलाई हवी, नाहीतर चाक जखडते. ढिलाई फार झाली तर चाक डुलू लागते, आणि खीळच गेली तर गाडी रस्त्यावर बसते.

क्रँकशाफ्टची ही खीळ म्हणजे थ्रस्ट वॉशर. आपले मिस्त्री लोक नुसते ‘वायसर’ म्हणून मोकळे होतात. अर्धचंद्राच्या आकाराच्या या दोन चकत्या असतात. सर्वांत मागच्या मुख्य बेअरिंगाच्या दोन्ही अंगांना, इंजिनाच्या ब्लॉकमधल्या खाचेत, त्या एकेक बसतात. पाठ पोलादाची, आणि तोंडावर मऊ धातूचा थर. त्या थरावर तेल खेळावे म्हणून बारीक चरे असतात. चकती बोटांच्या चिमटीत मावते आणि किमतीने इतकी स्वस्त की तिच्याबद्दल कोणी घासाघीस करीत नाही.

तिच्या वाट्याला येणारे काम मात्र हलके नाही. गाडी सरळ चालली असता तिला फारसा त्रास नसतो. चालकाने क्लचवर पाय ठेवला की क्लचच्या स्प्रिंगचा सारा जोर मागून फ्लायव्हीलवर येतो आणि अख्खा क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो. तो दाब मागची चकती एकटी सोसते. गेअर बदलण्यापुरते हे घडले तर ती वर्षानुवर्षे टिकते. पण चालक चौकात उभा असताना पाय दाबूनच बसला, किंवा चालवताना पेडलावर पाय टेकवण्याची त्याला सवय असली, तर चकतीला उसंत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंड इंजिन क्लच दाबून सुरू करणे. त्या क्षणी तेलाचा दाब अजून चढलेला नसतो, आणि चकती जवळजवळ कोरडी घासली जाते.

या इंजिनाचे कूळ १९५३ सालचे. स्टँडर्ड एट नावाच्या साध्या गाडीसाठी ते ८०३ घनसेंटीमीटरचे बांधले होते. वाढवत वाढवत १९७४ सालच्या स्पिटफायरमध्ये ते १४९३ घनसेंटीमीटरवर नेले. दट्ट्याची धाव ७६ मिलिमीटरवरून ८७.५ वर गेली. मुख्य बेअरिंगे मात्र होती तीच तीन राहिली. कारखान्यात उत्पादन दुपटीला पोचावे आणि खालची माणसे तेवढीच राहावीत, हा प्रकार आमच्या ओळखीचा आहे. वरचे पाहणारा वाढलेला वेग पाहतो, आणि खाली कोण किती झिजले हे उघडल्याशिवाय दिसत नाही.

पण उघडण्याच्या आधी निदान हवे. इथेच बहुतेक घोटाळा होतो. क्लच दाबला की खालून ‘खट्’ असा आवाज येतो. कधी क्लच दाबताच इंजिनाची गती पडते. कधी क्लच एके दिवशी वर पकडतो, दुसऱ्या दिवशी खाली. मालक गॅरेजात येऊन सांगतो, ‘क्लच गेला.’ घाईचा मिस्त्री गेअरबॉक्स उतरवतो, नवा क्लच घालतो, बिल लावतो, आणि खट् आवाज जिथल्या तिथे राहतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत. दोष क्लचमध्ये नसतो. क्लचचा जोर ज्याने सोसायचा तो भाग खचलेला असतो.

खरे निदान करायला दोन माणसे आणि पाच मिनिटे पुरतात. इंजिन बंद ठेवावे आणि गाडी गेअरमध्ये नसावी. एकाने आत बसून क्लच दाबावा आणि सोडावा. दुसऱ्याने पुढे वाकून क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली पाहावी. पुली पुढेमागे सरकताना डोळ्यांना दिसली तर शंका घ्यायला जागा आहे, आणि ठळक दिसली तर त्या गाडीचे इंजिन त्या दिवसापासून चालवू नये. इंग्लंडात जुनी स्पिटफायर विकत घेणारा जाणता माणूस रंगाची चकाकी पाहण्याआधी ही पुली पाहतो.

डोळ्यांनी शंका येते, पण निकाल मापाने द्यावा. डायल गेज चुंबकाच्या पायावर बसवून त्याची सुई पुलीच्या तोंडाला टेकवावी, दांडा एकदा मागे आणि एकदा पुढे रेटावा, आणि काटा किती सरकला ते वाचावे. इंचाच्या हजाराव्या भागाला टर्नर-फिटर मंडळी ‘थाऊ’ म्हणतात. सहा ते आठ थाऊ चाल ठेवली तर उत्तम. वहीची दोन पाने एकावर एक ठेवा; तेवढी ती फट. ती वीस-पंचवीसावर गेली असेल तर चकतीचा मऊ थर संपत आला असे समजावे. आणखी दुर्लक्ष केले तर एक दिवस चकती खाचेतून निसटते आणि खाली तेलात पडते. मग दांड्याचे पोलाद थेट ब्लॉकला घासू लागते. ब्लॉकची खाच एकदा खाल्ली गेली की नवी चकती बसायला जागाच उरत नाही. मग मोठ्या यंत्रशाळेत ब्लॉक कोरून घ्या, नाहीतर दुसरा शोधा. चकतीची हयगय सगळ्या इंजिनाला भोवते ती अशी.

आता दुरुस्ती. या गाडीत एक सोय चांगली आहे. इंजिन बाहेर न काढता हे काम खालून होते. पण खालून म्हणजे माणूस गाडीखाली झोपणार. म्हणून पहिली गोष्ट अशी की नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कोणी जाऊ नये. जॅकचे तेल सुटायला क्षण लागतो, आणि छाती तेवढ्यात चिरडते. चाकांना ओट लावा, चांगल्या कठीण जमिनीवर लोखंडी घोडे द्या, गाडी हातांनी हलवून पाहा, आणि मगच आत सरका. मालक घाई करतो म्हणून हे चुकवू नये. मालकाला गाडी दुसरी मिळते. घरच्यांना माणूस दुसरा मिळत नाही.

बॅटरीची तार सोडावी. तेल कोमट असताना काढावे आणि ते निरखून पाहावे. त्यात चकाकणारी भुकटी दिसली तर ती झिजलेल्या धातूची साक्ष समजावी. मग खालचे तेलाचे भांडे उतरवावे. याला आपल्याकडे चेंबर म्हणतात आणि इंग्रजीत संप. आमच्या सभांत संप शब्द निघाला की मालक दचकतो. इथे तो काढल्यावाचून मालकाचेच काम होत नाही! समोरच्या बाजूला बोल्ट ज्यात बसतात तो ठोकळा ॲल्युमिनियमचा आहे. त्याचे आटे चटकन जातात. तिथे मनगटाचा जोर दाखवू नये.

चेंबर उतरले की मागच्या बेअरिंगाची टोपी दिसते. तिचे दोन बोल्ट सोडून ती जपून खाली घ्यावी, आणि कोणते तोंड पुढे होते याची खूण करावी. आता दांडा किंचित पुढेमागे सरकवला की एकेका चकतीवरचा दाब सुटतो. पातळ पट्टीने तिच्या टोकाला ढकलले की ती दांड्याभोवती फिरत बाहेर येते. मागची चकती बहुधा जास्त झिजलेली निघते. कारण वर सांगितलेच आहे. बाहेर आलेल्या दोन्ही चकत्या मापून लिहून ठेवाव्या. दांड्याच्या ज्या अंगावर चकती घासते तिथे नख फिरवून पाहावे. तिथे ओरखडे खोल असतील तर नवी चकती फार दिवस जगणार नाही, हे मालकाला तिथेच सांगावे. टोपी उघडी आहे तोवर बेअरिंगाचेही तोंड पाहून घ्यावे.

नव्या चकत्या ठरलेल्या जाडीच्या मिळतात, आणि पाच थाऊ अधिक जाडीच्याही मिळतात. आपल्या मापाप्रमाणे जोडी निवडावी. तेल लावून त्या आत सरकवाव्या. चरे असलेले तोंड दांड्याकडे आणि गुळगुळीत पोलादी पाठ ब्लॉककडे, हा क्रम विसरू नये. उलटी बसवली तर मऊ थर ब्लॉकला लागतो आणि पोलाद पोलादाला घासते. टोपी लावून, टॉर्क पान्याने ठरल्याप्रमाणे आवळून, पुन्हा डायल गेज लावावे. चाल कमी निघाली तर चकती काढून तिची पोलादी पाठ काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर घासून, पुन्हा बसवून, पुन्हा मोजावी. माप जुळेपर्यंत चेंबर चढवू नये. मग नवे पॅकिंग, नवे तेल, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना क्लचवरून पाय दूर.

काम इथे संपले असे मालकाला वाटते, आणि आमच्या मते अर्धे काम इथून पुढे आहे. चकती का झिजली, याचे उत्तर चालकाच्या पायात असेल तर ते त्याला सांगायला हवे. चौकात उभे राहताना गेअर काढून क्लच सोडावा, चालवताना पाय बाजूला ठेवावा, आणि सहा महिन्यांतून एकदा पुली पाहावी. सवय तीच राहिली तर नवी चकतीही तिथेच जाईल, आणि दोष मिस्त्रीच्या माथी बसेल.

याच कोव्हेंट्री शहरात १९५६ साली स्टँडर्ड कंपनीच्या ट्रॅक्टर कारखान्यात नवी स्वयंचलित यंत्रे आली आणि माणसे कमी करण्याची गोष्ट निघाली. हजारो कामगारांनी काम थांबवले. यंत्रे नकोत असा अडाणी हट्ट त्यामागे होता, असे आम्ही समजत नाही. यंत्र बदलताना जो धक्का बसतो तो कोणी सोसायचा, आणि तो सोसण्याला मर्यादा किती, हा खरा प्रश्न होता. आम्ही संघटनेत इतकी वर्षे हेच पाहत आलो. खात्यात कुरबूर सुरू झाली की वरून म्हणतात, ‘फलाणा माणूस बदला.’ माणूस बदलतात आणि खट् आवाज तसाच राहतो. म्हणून आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना सांगतो: तक्रार ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. किती तास, किती वजन, किती जण, हे वहीत लिहा, आणि मगच मालकापुढे बसा. मापलेली तक्रार झिडकारणे कठीण जाते.

उलट बाजूही तितकीच खरी. चाल सहा थाऊ असताना पंचवीस झाली अशी ओरड करणाऱ्याला एकदा मापाने खोटे पाडले की त्याचे पुढचे खरेही कोणी ऐकत नाही. गेज मिस्त्रीच्या बाजूचे नसते आणि मालकाच्याही बाजूचे नसते. म्हणून तर दोघांना ते मानावे लागते.

पुढच्या वेळी आपली गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा मिस्त्रीला एवढेच विचारा, ‘मोजून पाहिलेत का?’ तो चांगला कारागीर असेल तर त्याला राग येणार नाही; तो आनंदाने काटा दाखवील. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.