धार गोड, तळं खारं

माउली, तुम्ही शेगावला चालत येता ते कुणासाठी? २३ फेब्रुवारी १८७८ला उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना जे दिसले, त्यांच्यासाठी. कुठले, कुणाचे? आजवर कळलं नाही. गाव माहीत नाही, अन् आपण पायी चालतोय! काही अडलं का?

आता याच जिल्ह्यात लोणारला जा. काठावर धार आहे, गोमुखातून पडते. ओंजळभर तोंडात घ्या, गोड. मग खाली तळ्यापाशी उतरा. तिथलं पाणी खारं, हाताला बुळबुळीत. एकाच विवरात दोन चवी! जुनी माणसं म्हणतात, भगवंतानं इथं लवणासुर मारला. भूगर्भवाले म्हणतात, आकाशातून अशनी पडला, काळा खडक फुटला, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा झाला. पाणी आत येतं, वाहून जायला वाट नाही. वाफ होते, क्षार मागं राहतात. पटलं. पण पडला कधी? एक हिशेब ५२ हजार वर्षांचा, दुसरा ५ लाख ७० हजारांचा. घ्या!

२०२०च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं; खारात जगणारे सूक्ष्म जीव, त्यांचा तो रंग. कारण कळलं म्हणून गोडी गेली? मला तर वाढलीच वाटते. जे पाणी आपण घोटभर पिऊ शकत नाही, त्यात कुणीतरी संसार थाटलाय, बरं का!

धारेखाली लेकरू विचारेल, "आबा, हे गोड अन् ते खारं का?" लगेच सांगू नका. आधी त्याला दोन्हींची चव घेऊ द्या.