काम काढून घेऊ नका
(एका कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी पहिला निर्णय घेतला तो तिच्या विश्रांतीचा. "आता तू काही करायचे नाहीस," असे सांगून स्वयंपाकघर, देवघर सारे तिच्या हातून काढून घेतले. हेतू सेवेचा होता. परिणाम विपरीत झाला. ती दिवसभर येरझारा घाली आणि तिन्हीसांजेला "मला घरी जायचंय" म्हणून रडे.

एके दिवशी माझी पत्नी समईच्या वाती वळत होती. आईने न बोलता कापूस पुढे ओढला आणि एकसारख्या वाती वळल्या. जिला माझे नाव आठवत नव्हते, तिच्या बोटांना वात आठवत होती!

यामागे शास्त्र आहे. स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत सर्वाधिक आढळतो तो अल्झायमर. त्यात नुकत्याच घडलेल्या गोष्टींची स्मृती आधी क्षीण होते. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे त्या मानाने दीर्घकाळ टिकतात. कामात गुंतवल्याने रोग बरा होत नाही. पण अस्वस्थता कमी होऊ शकते, आणि आपण घरात उपयोगी आहोत ही जाणीव टिकते.

हे करावे कसे? एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "भाजी कर" असे न म्हणता मेथीची जुडी हाती द्यावी, दोन काड्या आपण खुडून दाखवाव्यात. कपड्यांच्या घड्या वाकड्या झाल्या तर टोकू नये. मागाहून सरळ कराव्यात. विळी, गॅस, औषधे यांवर आपले लक्ष हवे. निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांपुढे नातवाची वही ठेवावी. थकवा दिसताच थांबावे. आणि "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा कधीही घेऊ नये, आपले नाव आपणच सांगावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो, आणि तो भार बहुधा एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. हा अन्याय आहे. मुलांनी, जावयांनी, नातवंडांनी आपापले तास वाटून घेतले पाहिजेत. मीही हे उशिराच शिकलो.

आज घरी गेल्यावर एवढेच पाहा : आपल्या ज्येष्ठांच्या हाती काही काम आहे का? नसेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि शेंगा सोलायला घ्या.