तापलेल्या तव्याची परीक्षा

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजू नये, असे घरातली वडील माणसे बजावतात. ते उगीच नव्हे. त्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण तो जिवावर उठतो. मोटारीच्या धुरातही तोच असतो. प्राणवायूशी त्याची गाठ घालून दिली, की त्याचे विष उतरते. ही गाठ घालणारा तो उत्प्रेरक. लग्न जुळवून स्वतः नामानिराळा राहणारा मध्यस्थच म्हणा ना!

पण तो खरंच नामानिराळा राहतो का? रुथेनियम धातूचेच पाहा. निर्वात पात्रात तपासला, तर या कामात अगदी मठ्ठ. वायूंचा दाब वाढवा, की तोच हुशार! असे का? २००० साली बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील हेर्बेर्ट ओव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. भरपूर प्राणवायूत या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो. त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायची. खरे काम करतो तो हा थर. तो आपल्यातला प्राणवायू त्या विषारी वायूला देतो आणि रिकामी जागा भोवतालच्या प्राणवायूने भरून घेतो.

निर्वातात हा थर धरतच नव्हता. मग दिसणार कसा? म्हणून आता क्रिया चालू असतानाच, वायूंच्या दाबाखाली, क्ष-किरण टाकून पृष्ठभाग तपासतात. भाकरी कशी फुगते हे पाहायचे, तर थंड तवा न्याहाळून काय उपयोग? तवा तापलेलाच पाहायला हवा.