शब्दाचा दाखला दाखवा

ठाण्याच्या वर्तकनगरात भाषेबद्दल बोलायचं आणि ‘गाळा’ हा शब्द टाळायचा, हे जमणार नाही. म्हाडाच्या वसाहतीत गाळा म्हणजे राहतं घर. बाजारात गेलात की गाळा म्हणजे दुकानाची जागा. जुना जाणकार सांगेल, गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा. तिन्ही अर्थ अस्सल मराठी आहेत आणि एकमेकांच्या नात्यातलेही. पण खांबांमधल्या जागेचं घर केव्हा झालं, ते आधी सरकारी कागदावर झालं की माणसांच्या तोंडी, हे अर्थांची नुसती यादी देणारा कोश सांगू शकत नाही. त्यासाठी दाखला लागतो: कोणतं पुस्तक, कोणतं साल, कोणतं वाक्य. पोराला पहिलीत घालायचं तर शाळा जन्माचा दाखला मागते. शब्द मात्र आपण बिनदाखल्याचे भरती करून घेतो, आणि एका संकेतस्थळावरची व्याख्या उचलून दुसऱ्यावर डकवण्याला कोशकार्य म्हणतो. माझं भांडण या आळसाशी आहे. मराठीच्या ऑनलाइन कोशात नोंदीखाली अवतरणं हवीत, आणि ती मुख्यतः कादंबऱ्यांतून हवीत.

ही मागणी परकी नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. तो आजही आधाराला लागतो. पण दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, तेव्हा शब्दापुढे ग्रंथाचा आधार देण्याची शिस्त त्यांनी पाळली, पुढे १९५०मध्ये पुरवणी आली. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९चा. त्यातही शब्दामागे जुन्या ग्रंथांचे आणि शिलालेखांचे आधार आहेत. म्हणजे गंमत बघा, यादवकाळातल्या मराठीचा पुरावा आपल्याकडे व्यवस्थित लावलेला आहे आणि स्वातंत्र्यानंतरच्या मराठीचा नाही. ‘बनगरवाडी’ १९५५ची, ‘फकिरा’ १९५९ची, ‘धग’ १९६०ची, ‘कोसला’ १९६३ची, ‘गोतावळा’ १९७१ची. दाते-कर्व्यांचं काम आटोपल्यावर ही सगळी मराठी छापून आली. तिचे दाखले त्यांच्याकडे असणार कुठून? त्यांचे खंड आता पडद्यावर फुकट वाचता येतात, ही सोय मोठीच. पण १९३८चा कोश संगणकावर चढवला म्हणून तो आजचा होत नाही.

कादंबरीच का, असं विचारतात. वर्तमानपत्रात शब्द सापडतो. कादंबरीत तो कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं तेही सापडतं. ‘सोवळी’ हा शब्द घ्या. आज तो ऐकला की आपल्याला पूजेच्या वेळचं पावित्र्य आठवतं. एके काळी बाईला ‘सोवळी करणं’ म्हणजे विधवेचं केशवपन करणं. कोशात ‘केशवपन केलेली विधवा’ एवढा अर्थ दिला की काम संपलं, असं वाटतं. पण हा शब्द सासरा वापरतो की ती बाई स्वतः, तो उच्चारताना आवाज खाली येतो का, हे व्याख्येत कुठे? बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०च्या दशकातली, आणि ती सारी यमू स्वतःच्या तोंडून सांगते. दोन्हींचा विषय विधवांचे हाल. त्यांच्या पानापानांतून हा शब्द हुडकायला हवा. तो कुठे येतो, कोणाच्या तोंडी येतो, आणि जिथे यायला हवा तिथे लेखक तो टाळतो का, हेसुद्धा नोंदवायला हवं. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या मोटेच्या दोरांचंही तेच. नाडा जाड, मोटेचं सगळं ओझं ओढणारा; सोंदूर मोटेच्या सोंडेचा. कोशात दोघांपुढे ‘मोटेचा दोर’ एवढंच लिहिलं, तर ज्याने मोट पाहिलेली नाही त्याच्यासाठी दोघं एकच. आता विहिरीवर पंप बसलाय. बैल धावेवर मागेपुढे होतात तेव्हा कोणता दोर ताणतो, हे वाचकाला दाखवणारं वाक्य ग्रामीण कादंबरीतच शोधावं लागणार.

आक्षेप आहेत, आणि काही दमदार आहेत. कादंबरीकार शब्द घडवतो, वाकवतो, त्याचा काय भरवसा? बरोबर, म्हणूनच एका अवतरणावर भागत नाही, वेगवेगळ्या लेखकांची तीन-चार लागतात. बोलीतल्या शिव्या आणि ‘अशुद्ध’ रूपं कोशात शिरतील, ही दुसरी ओरड. शिरू द्या. ‘धग’मधली वऱ्हाडी अशुद्ध आणि सदाशिव पेठेतली बोली शुद्ध, हा निवाडा कोशकाराने करायचा नसतो. ‘अभिजात कादंबरी’ म्हणताना फडके-खांडेकरांवर थांबणाऱ्यांना मात्र मी जपून राहायला सांगेन. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १९२८मध्ये पुरा झाला, अवतरणांवरच उभा राहिला, आणि शेक्सपियर-स्कॉटसारख्या नामवंतांवर फार विसंबला म्हणून त्याने टीकाही ओढवून घेतली. ती चूक आपण पुन्हा करायचं कारण नाही. तिसरा मुद्दा स्वामित्वहक्काचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ १९१९मध्ये गेले, साने गुरुजी १९५०मध्ये. तिथे अडचण नाही. अण्णा भाऊ साठे १९६९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९अखेरपर्यंत. पण १९५७च्या कायद्याच्या कलम ५२मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. लेखकाचं नाव, पुस्तक, पान देऊन एक वाक्य घेणं म्हणजे कादंबरी पळवणं नव्हे. तरीही मन खात असेल तर वारसांना पत्र लिहा, त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.

राहिला ‘आता यंत्रच सगळं शोधून देईल’ हा युक्तिवाद. यंत्र शब्द किती वेळा आला ते मोजेल. मजकूरच त्याच्यापुढे ठेवला नसेल तर मोजणार काय? आणि आठशे वाक्यांतलं अर्थ उघडा करणारं वाक्य कोणतं, हे वाचणाऱ्या माणसालाच निवडावं लागतं. ऑक्सफर्डवाल्यांना ते सामान्य वाचकांनी निवडून दिलं, चिठ्ठ्यांवर लिहून, टपालाने. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. वाचकांची इथे वाण नाही, कामाची वाटणी तेवढी व्हायची आहे. ज्यांना अजूनही अवतरणं ही हौस वाटते, त्यांनी सभा संपल्यावर मला एवढंच सांगावं: ‘गाळा’ म्हणजे राहतं घर, हा अर्थ मराठी कादंबरीत सर्वांत आधी कोणत्या साली, कोणत्या पानावर येतो?