कप्पी नसलेली विहीर

'अंगावरून वारं गेलं' असं घरोघरी म्हणतात. जणू ते वारं कुठून तरी बाहेरून आलं. मग कारणं शोधली जातात: तंबाखू, मीठ, रक्तदाब, साखर. ती सगळी खरीच, आणि श्रोत्यांना पाठही आहेत. राहून जातो तो एक प्रश्न: हा माणूस काम काय करतो, आणि त्या कामात त्याचं कोण ऐकतं?

दोष बहुधा तासांना दिला जातो. त्यात तथ्य आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक. जपानमध्ये तर अतिकामाने येणाऱ्या मरणाला 'करोशी' असा वेगळा शब्दच आहे. तिथली पहिली नोंद १९६९ ची: वर्तमानपत्राच्या रवानगी विभागातला, अवघ्या २९ वर्षांचा कामगार पक्षाघाताने गेला.

पण तास हा निम्माच हिशेब.

पाणी शेंदणाऱ्या दोन बाया डोळ्यांपुढे आणाव्यात. विहीर तेवढीच खोल, घागर तेवढीच जड. एकीच्या विहिरीला कप्पी आहे; दुसरीचा दोर दगडी काठावर घासतो. कुणाचा आधी तुटेल? आणि तुटतो त्या दिवशी घागर नेहमीएवढीच भरलेली असते, म्हणून घरचे म्हणतात, काल तर धडधाकट होता! कप्पी म्हणजे कामातली मुभा. आधी काय करायचं ते स्वतः ठरवता येणं, क्षणभर टेकता येणं, लघवीला जायला परवानगी मागावी न लागणं.

२०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सहा अभ्यासांतल्या १,३८,७८२ माणसांची माहिती एकत्र केली. कामाचा रेटा मोठा आणि मुभा कमी, अशांना निवांत काम असलेल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका २२ टक्के जास्त. बायकांत तो ३३ टक्के. हॉटेलात वाढणाऱ्या, रुग्णांची उठबस करणाऱ्या बाया यातच येतात. रेटा मोठा पण मुभाही मोठी, अशा डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर यांच्यात मात्र वाढ दिसली नाही. हे पुन्हा ऐकावं: घागर जड होती, पण कप्पी होती; वाढ दिसली नाही.

तरी 'टेन्शन मोठ्या साहेबांना' हा समज काही सुटत नाही. सुटायला हवा. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण खालच्या हुद्द्यांवरच जास्त निघालं.

कप्पी बसवायला फार खर्चही येत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी बसायची सोय कायद्यानेच सक्तीची केली. साधं एक स्टूल! साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला विचारावं, त्याचं मोल काय ते.

रात्रपाळीचा विषय तर राहिलाच. तिथे जेवणाची, झोपेची, रक्तदाबाच्या गोळीची वेळ दर आठवड्याला बदलते आणि दोर आणखी एका जागी घासू लागतो. पण वेळ संपत आली. संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाला घरच्यांनी एवढं तरी विचारावं: आज किती वेळा बसायला मिळालं, आणि कुणाला विचारून?